चलन, ग्रह, अंश, कला : गाण्यात एक अर्थ, आकाशात दुसरा, बाजारात तिसरा

व्युत्पत्ती

परिभाषेच्या याद्या करताना आणि हल्ली यंत्राने केलेली भाषांतरे तपासताना एक अडचण सतत येते. संगीत, खगोलशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिन्ही ठिकाणी तोच शब्द बसलेला असतो, पण अर्थ वेगळा. नुसता ‘अनेकार्थी शब्द’ असा शेरा मारून भागत नाही, कारण मूळ धातू बहुधा एकच असतो आणि तो कळला की प्रत्येक शास्त्राने त्यातले काय उचलले तेही कळते. या धाग्यावर असे शब्द एकेक घेऊन उलगडावेत अशी विनंती आहे. फक्त दोन शास्त्रांत असलेले शब्दही चालतील. नेमके आकडे आणि चूक कुठे होते, हे जरूर लिहा.

सुरुवात ‘चलन’पासून करतो.

संगीतात रागाचे चलन म्हणजे राग स्वरांवरून कसा चालतो ती रीत. खगोलात अयनचलन म्हणजे संपातबिंदू (जिथे सूर्य आला की दिवस-रात्र समान होतात) आणि अयनबिंदू (जिथून सूर्य उत्तरेला किंवा दक्षिणेला वळतो) मागे सरकणे. अर्थशास्त्रात चलन म्हणजे रुपया, डॉलर, येन. तिन्हींच्या मुळाशी ‘चल्’. बोलीत तर हे आजही जिवंत आहे. ‘या रागात पंचम चालतो का?’ आणि ‘ही फाटकी नोट चालेल का?’ हे दोन प्रश्न आपण एकाच क्रियापदाने विचारतो. भूपात मध्यम ‘चालत नाही’, तसेच बाद झालेले नाणे ‘चालत नाही’. म्हणजे ‘चालणे’मध्ये हालचालही आहे आणि मान्यताही. संगीत आणि बाजार यांनी दोन्ही घेतले, खगोलाने फक्त हालचाल घेतली.

तानपुरा

धागा आवडला. संगीताच्या ‘चलना’त एक गोष्ट ठळक करायला हवी. ते म्हणजे आरोह-अवरोह नव्हे. पुष्कळ मार्गदर्शिकांत ‘चलन’ या मथळ्याखाली आरोह-अवरोहच छापलेला असतो. तेवढ्यावर राग ओळखता येत नाही.

भूप आणि देसकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध, पाचच स्वर, सगळे शुद्ध. भूपाचा वादी (सर्वात प्रमुख स्वर) गंधार, संवादी (त्याखालोखालचा) धैवत. देसकाराचा वादी धैवत, संवादी गंधार. भूप पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या भागात) रमतो आणि संध्याकाळनंतर गातात. देसकार उत्तरांगात (वरच्या भागात) राहतो, सकाळचा, आणि त्यात रिषभावर थांबायचे नसते. भूप गाताना धैवतावर जास्त थांबलात की देसकार डोकावतो. स्वर एकही चुकलेला नसतो, चलन चुकलेले असते. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही तसेच. स्वर सारखे, पण मारव्याचे वजन कोमल रिषभ आणि धैवतावर, पूरियाचे गंधार-निषादावर, सोहनीचे वरच्या अंगात.

भाषांतर करणाऱ्यांसाठी : रागाच्या संदर्भात ‘चलन’ला ‘हालचाल’ किंवा ‘गती’ लिहू नका. गतीचा संबंध लयीशी जोडला जातो. ‘चलन’ आहे तसाच ठेवा.

रोजकीर्द

अर्थशास्त्राच्या बाजूने ‘चलन’चे तीन वेगळे उपयोग आहेत आणि ते मिसळले की घोटाळा होतो.

पहिला, वस्तू म्हणून चलन. ‘रुपया हे भारताचे चलन’. याचे अनेकवचन होते : ‘परकीय चलने’.

दुसरा, क्रिया म्हणून चलन. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या नोटा ‘चलनातून बाद’ झाल्या. इथे चलन म्हणजे फिरणे, व्यवहारात असणे. ‘चलनवेग’ याच अर्थाचा. वर्षात सरासरी एक रुपया किती वेळा हात बदलतो, तो आकडा. बाजारात १०० रुपये आहेत आणि वर्षभरात ५०० रुपयांचे व्यवहार झाले, तर चलनवेग ५. पैसा गुणिले वेग बरोबर किंमतपातळी गुणिले व्यवहार, हे समीकरण इतकेच सांगते. नोटा तेवढ्याच राहिल्या आणि लोकांनी पैसा हातात धरून ठेवला, तर वेग पडतो आणि एकूण व्यवहाराचा आकडाही पडतो.

तिसरा, बँकेत किंवा कोषागारात ‘चलन भरणे’. हा भरण्याचा कागद. त्याचा पहिल्या दोघांशी अर्थाने संबंध नाही. यंत्राने ‘चलनाची प्रत जोडा’ या सूचनेचे ‘नोटेची प्रत जोडा’ असे केलेले सहज सापडेल.

आणि ‘चलनवाढ’ हा शब्द मुळातच थोडा दिशाभूल करणारा आहे. अक्षरशः अर्थ चलन वाढणे. पण मोजले जाते ते किंमतींचे वाढणे. चलन वाढणे हे एक कारण, किंमती वाढणे हा परिणाम. शब्दाने कारणाचे नाव परिणामाला दिले आहे. त्यामुळे ‘नोटा छापल्या नाहीत, मग चलनवाढ कशी?’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो शब्दाच्या दृष्टीने रास्तच असतो. तेल महागले, पाऊस बिघडला, तरी किंमती वाढतातच. मी ‘महागाईचा दर’ लिहिण्याच्या बाजूचा आहे.

त्यातही दुसरी चूक : दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. १०० रुपयांची वस्तू ६ टक्क्यांनी १०६ झाली, पुढच्या वर्षी दर ४ टक्क्यांवर आला तरी ती ११० रुपये २४ पैशांची होते.

वेधशाळा

अयनचलनाचे आकडे देतो. संपातबिंदू वर्षाला सुमारे ५०.३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा हिस्सा) मागे सरकतो. एक अंश सरकायला जवळपास ७२ वर्षे, पूर्ण फेरीला सुमारे २५,८०० वर्षे. कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या फुगीर विषुववृत्तीय भागाला ओढतात, त्यातून हा डोल येतो. ‘अयनचलन’ हा शब्द बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांनी सिद्धांतशिरोमणी या ग्रंथात वापरला आहे आणि त्याचे श्रेय आधीच्या मुंजाल या ज्योतिषाला दिले आहे. म्हणजे तिन्ही अर्थांपैकी खगोलाचा लेखी वापर तरी नवा नाही.

याचा रोजच्या पंचांगाशी संबंध असा. सायन (सरकत्या संपातबिंदूपासूनच्या) आणि निरयन (स्थिर ताऱ्यांच्या आधाराने केलेल्या) मोजणीतला फरक म्हणजे अयनांश. भारत सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ साठी तो २३ अंश १५ कला धरला. आज तो २४ अंशांच्या थोडा पुढे आहे. म्हणून खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते. साधारण २४ अंश म्हणजे साधारण २४ दिवस. संक्रांत दर ७२ वर्षांनी सरासरी एक दिवस पुढे जाते, त्याचे कारणही हेच. ‘संक्रांत १४ वरून १५ ला गेली, लीप वर्षाचा परिणाम’ हे स्पष्टीकरण अर्धेच आहे. लीप वर्षामुळे ती चार वर्षांच्या चक्रात पुढेमागे होते, पण कायमचे सरकणे अयनचलनाचे.

‘अयनांश’मधला ‘अंश’ही यादीत घ्या. तोसुद्धा तिन्हीकडे आहे.

तानपुरा

होय, आणि ‘अंश’ एकटा येत नाही. ‘ग्रह, अंश, न्यास’ हे त्रिकूटच आहे. नाट्यशास्त्रात जातींची (रागांच्या आधीच्या स्वररचनांची) दहा लक्षणे दिली आहेत : ग्रह, अंश, तार, मंद्र, न्यास, अपन्यास, अल्पत्व, बहुत्व, षाडव, औडव. ग्रह म्हणजे जिथून गीत उचलायचे तो स्वर. अंश म्हणजे ज्याचे प्राबल्य तो स्वर. न्यास म्हणजे जिथे गीत टेकते तो. संगीतरत्नाकरात नियम असा की ग्रह आणि अंश यांपैकी एकच सांगितला असेल तर दुसराही तोच समजावा. आजच्या ख्यालगायनात ग्रह स्वराला फारसे महत्त्व उरलेले नाही, अंशाची जागा बऱ्याच अंशी वादीने घेतली, न्यास मात्र पूर्ण जिवंत आहे. यमनात आलाप उतरून गंधारावर ठेवला की ऐकणाऱ्याला न्यास सांगावा लागत नाही.

तालातही ‘ग्रह’ आहे आणि तो वेगळा. तालाच्या दहा प्राणांपैकी (अंगांपैकी) एक. गीत तालाला कुठे पकडते ते : समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) धरले तर सम, मागेपुढे धरले तर अतीत किंवा अनागत. म्हणजे संगीताच्या आतच ‘ग्रह’ दोन.

व्युत्पत्ती

‘पकडते’ हा तुमचा शब्दच किल्ली आहे. ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे, घेणे. आकाशातला ग्रह पकडतो अशी जुनी कल्पना. ग्रहण त्याच धातूचे. स्वर-ग्रह गीताला पकडतो. आणि बाजारात ज्याने घ्यायचे तो ग्राहक. तिन्ही शास्त्रे एका धातूवर उभी आहेत, पण अर्थशास्त्राने कर्ता घेतला.

‘न्यास’ तर मला या सगळ्यांत सुंदर वाटतो. ‘नि’ अधिक ‘अस्’, खाली ठेवणे. गायक स्वर ठेवतो. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात उदाहरण सांगून झाले की ‘न्यासः’ असे लिहून आकडे मांडले जातात, म्हणजे गणिती आकडे पाटीवर ठेवतो. धर्मशास्त्रात न्यास म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव, आणि तिथूनच आजचा सार्वजनिक न्यास, विश्वस्त संस्था.

रोजकीर्द

‘अंश’बद्दल व्यवहारातली चूक. लाभांश टक्क्यांत जाहीर होतो तेव्हा ते टक्के दर्शनी किमतीवर असतात, बाजारभावावर नाही. दर्शनी किंमत १० रुपये, लाभांश ५० टक्के, म्हणजे भागामागे ५ रुपये. तोच भाग बाजारात ५०० ला असेल, तर गुंतवणाऱ्याचा परतावा १ टक्का. ‘५० टक्के लाभांश’ वाचून भाग घेणाऱ्याने आधी दर्शनी किंमत पाहावी.

आणि ‘भाग’ही घ्या ना. आपण शेअरला भाग म्हणतो, समभाग, भागधारक.

वेधशाळा

ज्योतिर्गणिताच्या सिद्धांतग्रंथांत ‘भाग’ म्हणजे अंशच, वर्तुळाचा ३६० वा हिस्सा. जुन्या करणग्रंथांचे (पंचांगगणिताच्या पुस्तकांचे) भाषांतर करताना ‘भाग’ दिसला की आधी हे तपासा. गणिताच्या पुस्तकात अंश-छेदातला अंशही येतो, त्यामुळे एकाच पानावर ‘अंश’ दोन अर्थांनी येऊ शकतो.

त्याखालचे एकक कला. ३० अंशांची रास, ६० कलांचा अंश, ६० विकलांची कला. पूर्ण चक्र २१,६०० कलांचे. इथे नेहमीचा गोंधळ चंद्राचा. चंद्राला कला सोळा, हे वाङ्मयात. पण चंद्रबिंबाचा व्यास आकाशात सरासरी ३१ कला भरतो. पहिली कला प्रकाशित भागाची, दुसरी कोनाची. एकाच लेखात दोन्ही आल्या तर दुसरीसाठी ‘कोनीय व्यास’ हे शब्द सोबत हवेतच.

नवीन_सदस्य

वाचतो आहे, खूप नवे कळले. एक शंका. मंद्र सप्तक, मंद गती आणि बाजारातली मंदी हे सगळे एकच का? मंद्रात गायचे म्हणजे सावकाश गायचे, असे एका पुस्तिकेत वाचले.

तानपुरा

ती पुस्तिका चुकली आहे. मंद्र म्हणजे गंभीर, खालचा नाद. मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा असेल तर मंद्र षड्ज १२० चा. याचा लयीशी काही संबंध नाही. मंद्रात द्रुत तान घेता येते, तार सप्तकात विलंबित आलाप होतो. सावकाशीला शब्द ‘विलंबित’. गैरसमज होतो कारण आलापाची सुरुवात बहुधा मंद्राकडे झुकलेली आणि विलंबितही असते, दोन गोष्टी एकत्र ऐकू येतात.

वेधशाळा

खगोलात मात्र ‘मंद’ सावकाशच. शनीचे एक नावच मंद, कारण सूर्याभोवतीच्या फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात. ‘मंदोच्च’ म्हणजे कक्षेतला तो बिंदू जिथे गती सर्वात कमी. सूर्याचे मंदोच्च सध्या जुलैच्या सुरुवातीला येते. तेव्हा सूर्य रोज सुमारे ५७ कला सरकतो, जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे ६१. म्हणून निरयन मिथुन राशीत तो ३१ दिवसांहून जास्त राहतो आणि धनु राशीत साधारण साडेएकोणतीसच. क्षयमास (पंचांगातून गळणारा चांद्रमहिना) थंडीच्या दिवसांतच का येतो, त्याचे उत्तर इथे आहे. सौरमास चांद्रमासाहून लहान फक्त तेव्हाच होऊ शकतो. १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये क्षयमास आला होता.

इथे ‘उच्च’ म्हणजे दूर आणि सावकाश. फलज्योतिषातला ‘उच्चीचा ग्रह’ वेगळा, शेअर बाजारातला ‘उच्चांक’ आणखी वेगळा.

रोजकीर्द

बाजारातल्या मंदीचे दोन अर्थ आहेत. भाव घसरण्याची मंदी, जिच्याविरुद्ध तेजी. आणि उत्पादन, रोजगार आकसण्याची मंदी. दुसरीसाठी ढोबळ खूण अशी धरतात की सकल देशांतर्गत उत्पादन सलग दोन तिमाही घटले. निर्देशांक कोसळतो आणि उत्पादन वाढतच असते, असे होऊ शकते. बातमीत ‘मंदी’ एवढेच लिहू नये. ‘शेअर बाजारात मंदी’ किंवा ‘आर्थिक मंदी’ लिहावे.

आता ‘कला’. बाजारात कला नाही असे कुणाला वाटेल, पण लीलावतीत व्याजाला शब्द ‘कलांतर’ आहे. तिथले एक उदाहरण : दरमहा शेकडा ५ दराने वर्षाअखेर मुद्दल आणि कलांतर मिळून १००० झाले, तर दोन्ही वेगळी सांगा. रीत सोपी आहे. वर्षाला शेकडा ६०. म्हणजे १०० चे १६०. १००० ला १६० ने भागून १०० ने गुणा, मुद्दल ६२५, कलांतर ३७५. दर ‘दरमहा’ आहे हे विसरून वार्षिक ५ टक्के धरले की उत्तर साफ चुकते, आणि जुने दस्त वाचणारे ही चूक करतात. आपल्याकडे सावकारी बोलीत ‘शेकडा दोन’ म्हटले तरी महिन्याचेच असते.

तानपुरा

संगीतातली जुनी कला कालाचे एकक आहे. मार्ग-तालांत (प्राचीन शास्त्रोक्त तालांत) एक कला किती मात्रांची हे मार्गावर, म्हणजे तालाच्या चालीच्या प्रकारावर, ठरते : चित्र मार्गात २, वार्तिक मार्गात ४, दक्षिण मार्गात ८. आणि ती मात्रा आजची नव्हे. संगीतरत्नाकरात पाच लघु अक्षरे उच्चारायला लागणारा वेळ म्हणजे मात्रा. आजची मात्रा लयीप्रमाणे लांबते-आखूड होते. जुन्या ग्रंथातल्या मात्रा आजच्या तालात जशाच्या तशा मोजू नयेत.

पाटकरी

‘आवर्तन’ कुणी घेतले नाही. कालव्याचे आवर्तन सुटले, हे आमच्याकडे पीक जगण्या-मरण्याचे वाक्य आहे. धरणातून कालव्यात ठरलेले दिवस पाणी सोडतात ते एक आवर्तन. त्यात शेतकऱ्याच्या वाट्याला येते ती पाळी, आणि शेजारच्या क्रमाने देतात म्हणून शेजपाळी. बातमीत ‘तीन आवर्तने मंजूर’ आले म्हणजे तीन वेळा कालवा वाहणार. किती दिवसांच्या अंतराने, हे वेगळे विचारावे लागते. अंतर लांबले तर आवर्तनांची संख्या पूर्ण होऊनही पीक वाळते.

तानपुरा

आवर्तनात मोजणीची चूक नेहमी शेवटच्या टोकाला होते. तीनतालाचे आवर्तन १६ मात्रांचे, पण समेवरून उचललेली तिहाई (तीनदा वाजवलेला तोच बोल) समेवर आणायची तर मात्रा १७ लागतात, कारण शेवटचा ‘धा’ पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. ‘तिट कत गदि गन धा’ या ५ मात्रा, मध्ये १ रिकामी, पुन्हा ५, १ रिकामी, पुन्हा ५. एकूण १७. सोळात बसवायला गेलेला विद्यार्थी एक मात्रा आधी संपतो आणि मग शेवटचा धा ओढून समेवर आणतो. लगेच कळते.

वेधशाळा

चंद्राच्या आवर्तनातही ‘कुठून कुठपर्यंत’ हाच प्रश्न. ताऱ्याजवळून त्याच ताऱ्याजवळ यायला २७.३२ दिवस, अमावास्येपासून अमावास्येपर्यंत २९.५३. मधल्या काळात सूर्य पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला आणखी दोन दिवस लागतात. ‘चंद्राचे आवर्तन २७ दिवसांचे, मग महिना २९-३० चा का?’ याचे उत्तर एवढेच.

रोजकीर्द

आवर्ती ठेवीतही तेच. दरमहा १०००, बारा हप्ते, ६ टक्के. १२,००० चे ६ टक्के म्हणून ७२० व्याज, हा हिशेब चूक. पहिला हप्ता १२ महिने राहतो, शेवटचा एकच. १२ पासून १ पर्यंतची बेरीज ७८. दर महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे हजारामागे ५ रुपये. ७८ गुणिले ५, सरळव्याजाने ३९०. बँक तिमाही चक्रवाढ देते म्हणून थोडे जास्त येईल, पण ७२० च्या जवळपासही नाही.

व्युत्पत्ती

हे शब्द तीन शास्त्रांत एवढे का मिसळले, याचा एक खरा धागा महाराष्ट्रातच सापडतो. संगीतरत्नाकर लिहिणारा शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी होता, आणि त्याचा हुद्दा श्रीकरणाचा, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. त्याच सिंघणाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू. त्याने पाटण येथे, आजच्या चाळीसगाव तालुक्यात, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथल्या शिलालेखाच्या शेवटी जुन्या मराठीत मठाला दिलेल्या उत्पन्नाची नोंद आहे, त्यात बाजारपेठेतल्या मालावरचा हक्क येतो आणि शब्द येतो तो ‘ग्राहक’. ग्रहगणिताच्या शाळेचा खर्च ग्राहकाच्या हातून निघत होता.

एक सावधगिरी : शार्ङ्गदेवाच्या आजोबांचे नावही भास्कर, पण ते काश्मीरहून आलेले दुसरे. दोन्ही भास्कर एकच समजू नयेत.

वेधशाळा

उत्तम. दोन शास्त्रांतला एक शब्द राहिला, तो सांगतो. ताऱ्याची ‘प्रत’, म्हणजे त्याच्या तेजाची पायरी. मालाची प्रत आणि ताऱ्याची प्रत, दोन्हीकडे पहिली प्रत वरची. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट, एका प्रतीचा सुमारे २.५१ पट. व्याध या ताऱ्याची प्रत उणे १.४६. ‘आकडा लहान तर तारा तेजस्वी कसा?’ हे इतर भाषांत समजावावे लागते. मराठीत ‘पहिल्या प्रतीचा’ म्हटले की धान्याच्या दुकानातला माणूसही समजतो. पाठ्यपुस्तकांनी हा शब्द सोडू नये.

नवीन_सदस्य

आणि ‘पट्टी’? गायकाची पट्टी, घरपट्टी, आडत्याची पट्टी?

तानपुरा

गायकाची पट्टी हार्मोनियमच्या पट्टीवरून. ‘काळी एक’ म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवर षड्ज. पांढरी सहा म्हणजे बहुतेक पेट्यांत ४४० कंपनांचा स्वर किंवा त्याच्या वरखालच्या सप्तकातला. साथीदाराला ‘पट्टी कोणती?’ विचारले तर उत्तरात रंग आणि आकडा दोन्ही द्यावेत, नुसते ‘चार’ म्हटले तर पांढरी चार की काळी चार हे कळत नाही, आणि त्या दोन स्वरांत तीन अर्धस्वरांचे अंतर आहे.

रोजकीर्द

आडत्याची पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेबाचा कागद. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम. शेतकऱ्याने ती घेतल्याशिवाय बाजार समितीच्या आवारातून निघू नये. वजनाचा किंवा कपातीचा वाद झाला तर तोच पुरावा. घरपट्टीतली पट्टी म्हणजे कर, त्यासाठी कोशात वेगळी नोंद करावी.